लाल पिक्सेल म्हणजे पडलेलं घर? भूकंप-नुकसानीच्या रडार नकाशांची उलटतपासणी

10 जुलै 2024 ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात 4.5 मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. त्या दिवसांत मी लोणारला घरी होते. पीएच.डी.चा विषय उपग्रह रडार, लॅपटॉप सोबत, आणि भूकंप आपल्याच भागातला. मला वाटलं, आयती संधी चालून आली. सेंटिनेल-1 च्या भूकंपाआधीच्या आणि नंतरच्या प्रतिमा मिळाल्यावर पेपरात वाचलेली पद्धत जशीच्या तशी वापरली आणि लोणार परिसराचा 'नुकसान नकाशा' काढला.

नकाशा लालभडक आला. सरोवराभोवतीचं जंगल लाल, शेतं लाल, गावातही इथेतिथे लाल ठिपके. मी ओसरीत बसून हा नकाशा बघत होते, आणि बाहेर एक वीटसुद्धा हललेली नव्हती.

गाइडना नकाशा पाठवला. त्यांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, "लोणारमध्ये काय काय पडलं?" म्हटलं, काहीच नाही सर. "मग असं कर, याच तारखांचा 2023 चा नकाशा काढ." 2023 च्या जुलैत त्या तारखांना इथे कुठला भूकंप? तरी काढला. तो जवळजवळ तितकाच लाल निघाला.

मला वाटतं, या विषयात संशोधनाला येणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच महिन्यात असे दोन नकाशे काढून शेजारी शेजारी ठेवावेत. मी ते चौथ्या वर्षी केलं, ही माझी चूक. आज त्या चुकीच्या निमित्ताने या पद्धतीवरचा एक गाजलेला पेपर आपण पुन्हा नीट वाचू. तो उत्तम पेपर आहे, हे आधीच सांगते. माझी तक्रार आहे ती आपण तो कसा वाचतो याबद्दल.

आधी पद्धत, थोडक्यात

रडार उपग्रह स्वतः लहरी सोडतो आणि जमिनीवरून परत आलेला प्रतिध्वनी टिपतो. त्यामुळे त्याला रात्र, ढग, धूर यांची अडचण नाही. एका पिक्सेलमध्ये भिंतींचे कोपरे, पत्रे, दगड, झाडं अशा शेकडो गोष्टी असतात. त्या सगळ्यांचे प्रतिध्वनी मिसळून त्या पिक्सेलचा एकच आकडा तयार होतो.

लांबून येणाऱ्या दिंडीचा आवाज आठवा. एकेक टाळ वेगळा ऐकू येत नाही, सगळ्यांचा मिळून एक नाद येतो. तेच टाळकरी त्याच जागी उभे राहून वाजवत असतील, तर बारा दिवसांनी ऐकलं तरी नाद तोच. निम्मे टाळकरी जागा बदलून उभे राहिले की नाद बदलतो. दोन वेळचा हा नाद किती जुळतो, याचं 0 ते 1 मधलं माप म्हणजे कोहेरन्स. 1 म्हणजे तंतोतंत जुळला, 0 म्हणजे काहीच जुळलं नाही.

घर कोसळलं की त्या पिक्सेलमधल्या गोष्टी विस्कटतात आणि कोहेरन्स घसरतो. म्हणून किमान तीन प्रतिमा घ्यायच्या: दोन भूकंपाआधीच्या, एक नंतरची. आधीच्या दोघींचा कोहेरन्स म्हणजे नेहमीची स्थिती. आधीची एक आणि नंतरची एक यांचा कोहेरन्स म्हणजे भूकंपासकटची स्थिती. दोन्हींतला फरक काढायचा, एक थ्रेशोल्ड ठरवायचा आणि त्याच्या वरच्या पिक्सेलना लाल-पिवळे रंग द्यायचे. झाला तुमचा 'डॅमेज प्रॉक्सी मॅप'.

यातला 'प्रॉक्सी' हा शब्द पाठ करून ठेवा. प्रॉक्सी म्हणजे वर्गात दुसऱ्याच्या नावाने दिलेली हजेरी. आपण सगळ्यांनी ती कधी ना कधी लावली आहे. हजेरीपटावर 'उपस्थित' दिसतं, पण बाकावर कोणी असेलच याची खात्री नाही.

लोणारमध्ये लाल काय झालं होतं?

भूकंप नसताना काय काय लाल होऊ शकतं, हे कळायला लोणारसारखी जागा नाही. साधारण 1.8 किलोमीटर व्यासाचं, उल्कापाताने बेसॉल्ट खडकात पडलेलं हे विवर. मध्ये पाणी, उतारावर झाडी, काठाच्या वर गाव आणि भोवती शेती. म्हणजे रडारला जे जे चकवतं ते सगळं एका चौकटीत.

पाण्याचा पृष्ठभाग सतत हलतो, त्यामुळे तिथे कोहेरन्स आधीही नसतो आणि नंतरही नसतो. फरक काढला की उरतो नुसता गोंगाट. म्हणून पाणी आधीच वगळावं लागतं. विवराच्या उतारावर पानगळीची झाडी आहे. उन्हाळ्यात फांद्या उघड्या पडतात, जुलैत त्यांना पालवी फुटते. सेंटिनेल-1 ची लहर सुमारे 5.6 सेंटिमीटर लांबीची. तिच्या दृष्टीने पानं फुटणं ही मोठीच उलथापालथ. शेतांचंही तेच. जूनमध्ये नांगरलेली काळी जमीन, मग पेरणी, मग सोयाबीनची हिरवळ. गावात कोणी पावसाआधी पत्रे बदलले होते, कोणी छपरावर ताडपत्री टाकली होती, कुठे वाळूचा ढीग उचलला गेला होता.

माझी आधीची जोडी उन्हाळ्याच्या शेवटची होती, आणि नंतरची जोडी थेट पावसाळा ओलांडून येत होती. नकाशाने बदल अगदी प्रामाणिकपणे दाखवला होता. त्याला 'नुकसान' असं नाव दिलं ते मी.

जून 2020 मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं, आठवतं? उपग्रहाच्या छायाचित्रांतही ते स्पष्ट दिसलं. गावात नाना तर्क सुरू झाले, कोणी अपशकुनही म्हणालं. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले तेव्हा कळलं की खारटपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचा हा रंग होता. पुढे तो ओसरलाही. बदल आकाशातून दिसला, कारण मात्र बाटलीत भरलेल्या पाण्यातून कळलं. रडार नकाशाचंही गणित हेच आहे.

आणखी एक गोष्ट विवरच शिकवतं. रडार सरळ खाली बघत नाही, तिरकं बघतं. त्यामुळे रडारकडे तोंड केलेला विवराचा आतला उतार प्रतिमेत आखडून येतो, पुष्कळशी जमीन मोजक्या पिक्सेलमध्ये कोंबली जाते. सपाट गावासाठी ठरवलेला थ्रेशोल्ड अशा उतारावरच्या वस्तीला लावला, तर आपण दोन वेगळ्या मापांनी मोजतोय.

आता पेपर

25 एप्रिल 2015 ला नेपाळमध्ये 7.8 मॅग्निट्यूडचा गोरखा भूकंप झाला. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले संशोधक सांग-हो युन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यानंतर जे नकाशे तातडीने काढले, त्यांच्यावरचा पेपर त्याच वर्षी 'सिस्मॉलॉजिकल रिसर्च लेटर्स'मध्ये आला. इटलीच्या कॉस्मो-स्कायमेड उपग्रहाने चार दिवसांनी काठमांडू परिसर टिपला. जपानच्या आलोस-2 ने नऊ दिवसांनी त्याहून मोठा प्रदेश टिपला. नकाशे मदत यंत्रणांना आणि लोकांना लगेच खुले करून दिले. या कामाबद्दल आदरच वाटायला हवा. दिवसरात्र राबून कोणीतरी दुसऱ्या देशासाठी हे केलंय.

पण पेपर वाचताना तीन जागी पेन्सिलने खूण करा.

पहिली खूण पडताळणीवर. लेखक स्वतःच सांगतात की नकाशांची पडताळणी गुणात्मक होती. म्हणजे इतर संस्थांनी केलेल्या नुकसान-विश्लेषणांशी आणि उपग्रहाच्या आधी-नंतरच्या छायाचित्रांशी डोळ्यांनी तुलना केली. घाईच्या कामात याहून जास्त कोण करणार? पण यात एक मेख आहे. छायाचित्रंही वरूनच काढलेली. रडारची परीक्षा घेणाराही आकाशातच बसलेला. छत शाबूत राहून खालचा मजला दबला असेल, तर दोघंही एकसाथ चुकतात आणि आपण म्हणतो, 'बघा, जुळलं!' लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात कधी गेलात तर छताचं कोरीवकाम मान वर करून बघा. उद्या तिथली एखादी तुळई आतून तडकली, तर वरून कोणाला कळणार आहे?

दुसरी खूण तारखांवर. एप्रिलमधलं काठमांडू म्हणजे पावसाळ्याआधीचं, दाट बांधणीचं शहर. कोहेरन्ससाठी याहून सोयीची वेळ आणि जागा क्वचित मिळते. सर्वांत जास्त माणसं गेली ती मात्र सिंधुपाल्चोक या डोंगराळ जिल्ह्यात. तिथे तीव्र उतार, विखुरलेली दगडमातीची घरं आणि झाडी. पद्धत कुठे चालते हे सांगणारं ठिकाण आणि ती सर्वांत जास्त हवी असलेलं ठिकाण ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. शहरातल्या यशावरून डोंगरातल्या गावाबद्दल बोलायचं असेल, तर मध्ये एक पायरी बांधावी लागते. ती पायरी नंतरचे अनेक जण गाळतात.

तिसरी खूण मधल्या दिवसांवर. चार आणि नऊ दिवसांत ढिगारे उपसले जातात, मैदानांत तंबू उभे राहतात, आफ्टरशॉक होतात. 26 एप्रिललाच तिथे एक मोठा आफ्टरशॉक झाला होता. नंतरच्या प्रतिमेत भूकंप आणि मदतकार्य दोन्ही मिसळून येतात. तंबूंनी भरलेलं मैदानही लाल होऊ शकतं.

लेखकांनी नकाशांचा एक उपयोग सांगितला आहे तो म्हणजे तपासणी आधी कुठे करायची हे ठरवणं. हा दावा माफक आणि योग्य आहे. मग 'प्रॉक्सी' शब्द गळतो कुठे? पेपरमधून स्लाइडवर जाताना, स्लाइडवरून बातमीत जाताना, आणि खरं सांगायचं तर आपल्या सिनॉप्सिसमध्ये येताना. माझ्याच सिनॉप्सिसमध्ये 'इमारतींच्या नुकसानीचे अचूक मापन' असे शब्द आहेत. ते मी लिहिले तेव्हा एकही पडलेलं घर जवळून बघितलेलं नव्हतं.

किल्लारीला हे चाललं असतं का?

आता प्रश्न आपल्या घरचा. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. मॅग्निट्यूड 6.2 च्या आसपास. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं झोपेत होती. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून माणसं नुकतीच घरी परतली होती. मृतांचे आकडे वेगवेगळ्या नोंदींत साधारण आठ ते दहा हजारांच्या दरम्यान आहेत.

तेव्हा रडार उपग्रह होता. युरोपचा ईआरएस-1 1991 पासून फिरत होता. कॅलिफोर्नियातल्या लँडर्स भूकंपाने जमीन कशी सरकली, हे त्याच्याच प्रतिमांवरून दाखवणारा मासोने आणि सहकाऱ्यांचा प्रसिद्ध पेपर किल्लारीच्या अडीच महिने आधीच, जुलै 1993 मध्ये, 'नेचर'मध्ये आला होता. किल्लारीचंही रडारने काम झालं, पण पुष्कळ उशिरा. एस. पी. सत्यबाला यांचा त्यावरचा पेपर 2006 मध्ये 'जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च'मध्ये आला. तो शोधाल तेव्हा शीर्षकात 29 सप्टेंबर दिसेल आणि गोंधळाल. तारीख जागतिक वेळेनुसार आहे. आपले पहाटेचे 3:56 म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे 22:26. तुमचा डेटा 'आधीचा' की 'नंतरचा' हे ठरवताना ही गफलत सहज होते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तो पेपर जमीन किती आणि कशी हलली याबद्दल आहे, घरांबद्दल नाही. हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. जमिनीचं सरकणं फेजवरून मोजतात, तिथे भौतिकशास्त्राचा पाया पक्का आहे. घरांचं नुकसान कोहेरन्सवरून ताडतात, तिथे अंदाजाचा भाग फार मोठा आहे. एकाच उपग्रहाच्या एकाच प्रतिमांतून दोन्ही निघतात, म्हणून पहिल्याची विश्वासार्हता नकळत दुसऱ्यालाही चिकटते.

समजा, 1993 मध्ये आजची पद्धत हाताशी असती. ईआरएस-1 तेव्हा 35 दिवसांनी त्याच मार्गावर परत यायचा. नशीब वाईट असतं तर नंतरची प्रतिमा महिन्याने मिळाली असती, ढिगारे उपसल्यानंतर. ते सोडा, आजचे बारा दिवस धरू. घरं कशी होती? चिखलमातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, आतला आणि बाहेरचा असे दोन थर, मध्ये भर. वर लाकडी खण आणि त्यावर मातीचं जड माळवद. सप्टेंबरअखेर त्या मातीवर गवत उगवलेलं असतं, माती कधी ओली, कधी सुकी. म्हणजे छताचा 'नाद' दर पावसागणिक बदलणार. शिवाय गावठाण दाट, बोळ अरुंद. कोहेरन्स काढायला शेजारचे अनेक पिक्सेल एकत्र घ्यावे लागतात, त्यामुळे सेंटिनेलच्या नकाशातल्या एका ठिपक्यात अनेक घरं मावतात.

तरीही पूर्ण जमीनदोस्त झालेलं किल्लारी नकाशात दिसलं असतं, असं मला वाटतं. पण किल्लारी पडलंय हे सांगायला उपग्रह लागला नाही, मदत त्याच दिवशी पोचू लागली होती. पुढची कित्येक वर्षं जो प्रश्न पुरला तो दुसराच होता: जे घर उभं आहे त्यात झोपायचं की नाही?

भिंतीला पोट आलंय, दोन थर एकमेकांपासून सुटलेत, खणाची तुळई खांबावरून थोडी घसरलीय. पुढच्या धक्क्याला किंवा पुढच्या पावसाळ्याला असं घर बसणार. रडारला ते घर धडधाकट दिसतं. पुनर्वसनात 52 गावं नव्या जागी वसवली गेली, पण दुरुस्ती आणि बळकटीकरणाच्या वर्गातली घरं एक लाखाहून जास्त होती. कोणाचं घर कोणत्या वर्गात, यावर कुटुंबाला मिळणारी मदत ठरत होती. त्या याद्या माणसांनी गावोगाव फिरून केल्या. उद्या अशी यादी करताना कोणी रडार नकाशा समोर ठेवला आणि रंग न चढलेल्या पिक्सेलला 'सुरक्षित' म्हटलं, तर त्या कुटुंबाने दाद कुठे मागायची? लाल नसणं म्हणजे फक्त 'रडारला बदल जाणवला नाही' एवढंच. लोणारला मला खोटा लाल दिसला, त्याने कोणाचं काही बिघडलं नाही. किल्लारीसारख्या ठिकाणी खोटा कोरा पिक्सेल माणसं मारू शकतो. आपले बहुतेक पेपर मात्र पहिल्या चुकीवर पानंच्या पानं लिहितात आणि दुसरी एका वाक्यात उरकतात.

मग पद्धत सोडून द्यायची का?

मुळीच नाही. मी स्वतः तिच्यावरच पीएच.डी. करतेय! रात्री, ढगांखाली, रस्ता तुटलेल्या खोऱ्यात पहिली तुकडी कुठे पाठवायची, हे सुचवायला याहून बरं साधन आज तरी नाही. सुधारणाही होताहेत. अलीकडची कामं आधीच्या एकाच जोडीवर न थांबता कित्येक महिन्यांची मालिका घेतात आणि प्रत्येक पिक्सेलचा नेहमीचा स्वभाव आधी शिकून घेतात. त्यामुळे लोणारच्या जुलैला 'ही तर दरवर्षीची पालवी' असं म्हणता येतं.

30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून गेलेला नासा-इस्रोचा निसार उपग्रह एल आणि एस अशा दोन बँडमध्ये बघतो. त्याची एल बँडची लहर सुमारे 24 सेंटिमीटरची, पानांतून बरीच आरपार जाणारी. माळवदावरच्या गवताला ती सहसा भुलणार नाही. पण भिंतीतल्या भेगेलाही ती दाद देणार नाही. उपग्रह नवा आला तरी वरून न दिसणारी गोष्ट वरून दिसत नाहीच.

तुम्ही वाचाल तेव्हा

या विषयावरचा कुठलाही पेपर हातात घ्याल, तेव्हा हे प्रश्न समासात लिहा:

1. भूकंप न झालेल्या वर्षाचा, त्याच तारखांचा नकाशा दिला आहे का? नसेल तर तुम्ही काढा. डेटा फुकट आहे.

2. आधीची जोडी आणि नंतरची जोडी एकाच ऋतूतल्या आहेत का? कोयनेचा भूकंप 11 डिसेंबरचा, भुजचा 26 जानेवारीचा, दोन्ही कोरड्या दिवसांतले. किल्लारीचा पावसाळ्याच्या शेपटाचा. तिघांना एकच थ्रेशोल्ड लावणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

3. पडताळणी जमिनीवरून झाली की वरूनच? घराच्या आत कोणी गेलं होतं का?

4. घरं कशाची होती? सिमेंट-काँक्रीटच्या शहरातला निकाल दगडमातीच्या गावाला लावला आहे का?

5. कोसळलेली घरं सापडल्याची टक्केवारी दिली असेल, तर उभी पण धोकादायक घरं किती सुटली तेही दिलं आहे का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर क्वचितच मिळेल. तुमच्यापैकी कोणाला पीएच.डी.साठी विषय हवा असेल, तर तो तिथेच पडलाय, उचला.

माझ्यापुरतं म्हणाल तर सिनॉप्सिसमधलं ते 'अचूक मापन' मी खोडलं. त्याजागी लिहिलं: 'प्रत्यक्ष पाहणीचा क्रम ठरवण्यासाठी बदलाचा अंदाज.' गाइड म्हणाले, आता शीर्षक जरा फिकं झालं. झालं खरं. पण मौखिक परीक्षेत कोणी विचारलं की लोणारमध्ये काय पडलं होतं, तर या शीर्षकासकट मी उत्तर देऊ शकेन.